आईपणाचे कथन : समदुःख आणि समुदाय

१

मराठी वाङ्मयात आई हा विषय विपुल आहे; आई ही निवेदक मात्र विरळ आहे. कवितेतील आई बहुधा मुलाच्या आठवणीतून येते, पुष्कळदा ती गेल्यानंतर येते, आणि तिच्या कष्टांचा हिशेब तिच्या वतीने मुलगाच मांडतो. या परंपरेतील सर्वांत प्रभावी कृती म्हणजे साने गुरुजींचे 'श्यामची आई'. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. आश्रमातील सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. बेचाळीस रात्री हे कथन चालते. सांगणारा आहे, ऐकणारे आहेत आणि ऐकता ऐकता त्यांचे परस्परांशी घट्ट होत जाणारे नातेही आहे. एका आईच्या हालअपेष्टांच्या आणि मृत्यूच्या कथेभोवती येथे एक समुदाय खरोखरच घडतो. परंतु त्या समुदायात आई नाही. ती कथेचा विषय आहे. तिच्यासारखेच भोगलेली दुसरी एखादी स्त्री त्या वर्तुळात बसून 'माझेही असेच झाले' असे म्हणत नाही, किंवा 'माझे तसे झाले नाही' असेही म्हणत नाही.

हा 'श्यामची आई'चा दोष नव्हे. संस्काराची कथा सांगणे हे त्या पुस्तकाचे प्रयोजन होते आणि ते त्याने पूर्णपणे साधले. तथापि या रचनेने मराठी वाचकाला एक सवय लावली. आईचे दुःख ऐकणाऱ्याच्या अंतःकरणशुद्धीसाठी असते, ही ती सवय होय. पुढे स्त्रियांनी स्वतःच बाळंतपणाविषयी, उपासमारीविषयी, मेलेल्या मुलांविषयी, वांझपणाच्या ठपक्याविषयी लिहायला प्रारंभ केला, तेव्हाही समीक्षेने बव्हंशी याच सवयीने त्या लेखनाचे स्वागत केले. 'सच्चे', 'अस्सल', 'काळजाला हात घालणारे' ही विशेषणे त्या लेखनाच्या वाट्याला आली. वाचकाचे डोळे पाणावले, की संहितेचे कार्य संपले असे मानले गेले.

वास्तविक अशा कथनांचे एक निराळे कार्य असते. ती एका स्त्रीला दुसऱ्या स्त्रीशी जोडतात. हे कार्य कसे घडते, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर 'दुःख समान असते म्हणून' असे आहे. हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. दुःखाच्या समानतेने समुदाय घडत असता, तर प्रत्येक सासू आपल्या सुनेची मैत्रीण झाली असती. समुदाय घडण्यासाठी कथनाच्या रूपबंधात ऐकणारीला जागा असावी लागते. इतकेच नव्हे, तर तिने पुढचे कथन आपल्या हाती घ्यावे अशी सोय असावी लागते. ही जागा कोठे सापडते आणि कोठे नाहीशी होते, हे काही संहितांच्या आधारे पाहता येईल.

२

अपत्यवियोगाच्या दुःखातून स्त्रियांचा समुदाय घडल्याचे भारतीय वाङ्मयातील एक अतिप्राचीन उदाहरण पाली 'थेरीगाथे'त आढळते. किसा गोतमीची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत हिंडते. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे बुद्ध तिला सांगतात. ती दारोदार फिरते आणि तसे घर तिला मिळत नाही. ही कथा सामान्यतः मृत्यूच्या सार्वत्रिकतेचा दृष्टान्त म्हणून सांगितली जाते. दुःख सर्वांनाच आहे, म्हणून तुझे दुःख विशेष नाही, असा तिचा आशय समजला जातो. परंतु कथेतील प्रत्यक्ष घटना पाहिली तर गोतमीने प्रत्येक उंबरठ्यावर उभे राहून त्या त्या घरचे मरण ऐकले आहे. तिला निष्कर्ष मिळाला तो या ऐकण्याच्या अखेरीस. दृष्टान्ताच्या घाईत उंबरठ्यांवरची ती संभाषणे गळून पडली.

मोहरीची ही कथा अट्ठकथांतून आलेली आहे. 'थेरीगाथे'तील गोतमीच्या स्वतःच्या गाथांत ती नाही, ही गोष्ट साक्षेपाने लक्षात घेतली पाहिजे. त्या गाथांत गोतमी जे बोलते ते फार निराळे आहे. ती स्त्रीजन्माचे दुःख मोजते. सवत असण्याचे दुःख ती सांगते. एकदाच बाळंत होऊन जीव नकोसा झालेल्या स्त्रियांविषयी, गळा कापून घेणाऱ्या आणि विष खाणाऱ्या स्त्रियांविषयी, अडलेल्या बाळंतपणात मुलासह जाणाऱ्या आईविषयी ती बोलते. आणि मग प्रथमपुरुषात एक हकीकत येते. दिवस भरलेली स्त्री माहेरी जायला निघते, वाटेतच बाळंत होते, नवरा मेलेला आढळतो, दोन्ही मुले जातात. ही हकीकत गोतमीची नाही. परंपरेनुसार ती पटाचारेची आहे. एका थेरीच्या तोंडी दुसरीची कथा 'मी' म्हणून आली आहे. संहितेची सरमिसळ म्हणून याचा उलगडा करता येईल. परंतु रूपबंधाच्या दृष्टीने पाहिले तर गोतमीने पटाचारेचा धागा आपल्या हाती घेतला आहे असेही म्हणता येते. त्याच संग्रहात अपत्यशोकाने व्याकूळ झालेल्या आणि पटाचारेच्या उपदेशाने संघात आलेल्या पाचशे स्त्रियांच्याही गाथा आहेत. पाचशे हा आकडा परंपरेचा आहे. तो मोजदाद म्हणून घ्यायचा नाही. परंतु स्वतः मुले गमावलेली स्त्री अशाच इतर स्त्रियांशी बोलते आणि त्यातून एक संघ उभा राहतो, अशी कल्पना त्या काळी कोणाला तरी नोंदवून ठेवावीशी वाटली, हे महत्त्वाचे आहे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत येथे 'साधारणीकरणा'चा प्रश्न उपस्थित होतो. भट्टनायकापासून चालत आलेल्या या विचारानुसार काव्यातील भाव व्यक्तिविशेषापासून सुटतो, कोणा एकाचा राहत नाही, आणि म्हणूनच सहृदयाला त्याचा आस्वाद घेता येतो. करुणरसाची उपपत्ती याच मार्गाने लागते. मोहरीचा दृष्टान्तही याच मार्गाने जातो. गोतमीच्या गाथा मात्र सवत, विष, अडलेली वाट, माहेरचा रस्ता हे तपशील सोडत नाहीत. आईपणाच्या दुःखाचे कथन आस्वाद्य व्हायचे असेल तर त्याने साधारण व्हावे. परंतु त्याने समुदाय घडवायचा असेल तर त्याने आपले विशेष सांभाळले पाहिजेत. कारण दुसरीला जोडून घ्यायला जो कोपरा लागतो तो विशेषातच असतो.

३

मराठीत हा कोपरा ज्या रूपबंधाने शतकानुशतके राखला तो जात्यावरच्या ओवीचा होय. पहाटे दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात, दळण आणि गाणे एकाच लयीत चालते. बहुधा दोन ओळींत संपणारी ही ओवी रचनेने पूर्ण असली तरी कथनाने अपुरी असते. ती पुढच्या ओवीची वाट पाहते. 'सई', 'शेजी', 'बाई' ही संबोधने तिच्या बांधणीतच बसलेली आहेत. ऐकणारी गृहीत धरल्याशिवाय ओवी सुरूच होत नाही. एकीने म्हटलेल्या ओवीत दुसरी आपल्या मुलाचे, भावाचे, गावाचे नाव घालते आणि ती ओवी तिची होते. साचा सर्वांचा आणि नाव एकीचे अशी ही व्यवस्था आहे. साधारण आणि विशेष यांचा जो ताण काव्यशास्त्राला सैद्धांतिक पातळीवर सोडवावा लागतो, तो ओवीने व्यवहारात सोडवलेला दिसतो.

ओवीतील सीता याची साक्ष देते. रामकथेतील राज्याभिषेकापेक्षा गरोदर सीतेचा वनवास या गाण्यांना अधिक जवळचा वाटतो. अरण्यातले बाळंतपण, तेथे नसलेली सुईण, नसलेला पाळणा, नसलेली माहेरची माणसे, यांची मोजणी ओव्या करतात. सीतेचे देवीपण येथे बाजूला राहते. तिला जे मिळाले नाही त्याची यादी पुढे येते, आणि ती यादी गाणारीच्या आयुष्यातून आलेली असते. पुढे आंबेडकरी वस्त्यांतील स्त्रियांच्या गाण्यांत रमाईला आईचे स्थान मिळाले, त्यामागेही हेच सूत्र आहे. रमाबाई आंबेडकरांच्या पाच अपत्यांपैकी चार अल्पवयातच गेली. राजरत्न १९२६ साली गेला. रमाबाई स्वतः १९३५ साली गेल्या. पुराणातील सीतेच्या जागी आपल्याच काळातील, आपल्याच जातीच्या, मुले गमावलेल्या स्त्रीला बसवणे ही त्या गाणाऱ्या स्त्रियांची निवड आहे. आपल्या दुःखाचा धागा कोणाच्या दुःखाशी जोडायचा हे समुदाय स्वतः ठरवतो.

जात्याच्या या चित्राला भाबडेपणाचा रंग देणे मात्र चुकीचे ठरेल. जाते घरात होते आणि घर जातीच्या वस्तीत होते. खुंट्यावरच्या दोन हातांमध्ये जात सहसा येत नसे, कारण ते हात मुळात एकाच जातीचे असत. समोर बसलेली दुसरी स्त्री पुष्कळदा जाऊ किंवा सासू असे. तिच्यासमोर काय म्हणता येईल यालाही मर्यादा होती. ओवीत पुत्रवतीचा गौरव आहे, आणि त्या गौरवाची दुसरी बाजू म्हणजे वांझेची हेटाळणी. जिची कूस भरली नाही ती ओवीत आली तर बहुधा दुखणे म्हणून येते. समुदायाला दार असते तसा उंबराही असतो.

ओव्यांचे संकलन करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या नावाने स्त्रियांच्या ओव्यांचा मोठा संग्रह केला. 'श्यामची आई'च्या लेखकाने स्त्रियांचा आवाज असा स्वतंत्रपणे जपला, ही त्यांच्या थोरवीची खूण आहे. त्या संग्रहाची मांडणी नात्यांनुसार आणि प्रसंगांनुसार आहे. ओवी कोणत्या बाईने म्हटली हे तेथे सहसा कळत नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशीच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांनी गाणारीचे नाव, गाव आणि जात यांची नोंद ठेवली. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संग्रहातून यातील अनेक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजासह उपलब्ध झाल्या. हा फरक संपादनतंत्राचा वाटला तरी वास्तविक वाङ्मयदृष्टीचा आहे. एका पद्धतीत ओवी 'मराठी स्त्रीमना'ची होते, दुसरीत ती एका बाईची राहते. पहिलीत वाचक आस्वाद घेतो. दुसरीत त्याला विचारता येते, की या बाईने हीच ओवी का म्हटली आणि तिच्या समोर कोण बसले होते. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाती थांबली आणि दळणाबरोबर ही बैठकही मोडली. नोंदींत उरलेली नावे हाच आता त्या बैठकीचा पुरावा आहे.

४

दुःखाची समानता ही समुदायाची अट नाही, याचा आधुनिक मराठीतील सर्वांत ठळक पुरावा ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या निबंधात मिळतो. १८८१ साली सुरतेच्या एका न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलानंतर ती सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले गेले त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली आणि १८८२ साली निबंध प्रसिद्ध झाला. ताराबाई मराठा जातीच्या होत्या आणि त्यांना अपत्य नव्हते. विजयालक्ष्मीच्या अनुभवाशी त्यांच्या आयुष्याचा मेळ कोठेच बसत नाही. तरीही त्या काळी विजयालक्ष्मीच्या बाजूने इतक्या त्वेषाने मराठीत दुसरे कोणी बोलले नाही.

ताराबाईंनी वापरलेली रीत अभ्यसनीय आहे. त्या विजयालक्ष्मीविषयी करुणा मागत नाहीत. त्या पुरुषांना सरळ संबोधून दुर्गुणांचा एकेक पुरावा मागतात, आणि जे आरोप स्त्रीवर केले जातात ते पुरुषावर उलटवतात. आपल्याच मुलाचा गळा दाबण्याची वेळ आईवर ज्या व्यवस्थेने आणली, तिच्यावर त्यांचा रोख आहे. एड्रियन रिच यांनी 'ऑफ वुमन बॉर्न' (१९७६) या ग्रंथात मातृत्व हा अनुभव आणि मातृत्व ही संस्था यांत भेद केला. ती परिभाषा स्त्रीवादी समीक्षेत पुढे रूढ झाली. परिभाषेवाचूनच ताराबाईंनी तो भेद ओळखला होता. विधवेचे मूल जन्माला येणे हा अनुभव आहे. ते मूल जगू न देणे हे संस्थेचे काम आहे.

या निबंधामागे आणखी एक संदर्भ उभा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. तेथे येणाऱ्या विधवांना बाळंत होता येई आणि मूल तेथेच ठेवता येई. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला या निपुत्रिक दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. ताराबाईंच्या निबंधाला पाठिंबा देणाऱ्या मोजक्या व्यक्तींत जोतीराव होते. महाराष्ट्रात आईपणाच्या आपत्तीभोवती पहिले आधुनिक आश्रयस्थान उभे केले त्यांत सावित्रीबाई होत्या, आणि तिच्यावर पहिला प्रखर निबंध लिहिला तो ताराबाईंनी. दोघीही रूढ अर्थाने आई नव्हत्या. ओवीने जिला उंबऱ्याबाहेर ठेवले तीच येथे ऐकणारी झाली.

तथापि या निबंधाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यात विजयालक्ष्मीचा स्वतःचा शब्द नाही. ती न्यायालयात आरोपी होती, वृत्तपत्रांत निमित्त होती आणि निबंधात कारण होती. त्या रात्री काय झाले, हे तिने स्वतः कोणाला सांगितले असल्यास ते मराठी वाङ्मयापर्यंत आलेले नाही. कोणी कितीही न्यायाने दुसऱ्याच्या वतीने बोलले तरी बोलणे दुसऱ्याच्या वतीनेच राहते. निबंधाची स्वतःचीही वाट फार काळ कोणी पाहिली नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. ताराबाईंनी हाक दिली. ओ यायला शतक लागले.

५

स्वतःच्या वतीने बोलणारा शब्द दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी मराठीत आणला. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. फलटणला दुकान चालवता चालवता लिहिलेली ही पाने लेखिकेने वर्षानुवर्षे घरच्यांच्या नजरेआड ठेवली होती. शीर्षकातील 'आमुचं' हे सर्वनाम या पुस्तकाच्या रूपबंधाची किल्ली आहे. स्वतःच्या संसाराविषयी लेखिका फार थोडे बोलते. महारवाड्यातील बायांविषयी सविस्तर बोलते. कोवळ्या वयातील लग्ने, त्याच वयातील पहिली बाळंतपणे, अडलेल्या बाईभोवती जमलेल्या बायांची हतबल धडपड, उपाशी पोट बांधून पडून राहिलेली बाळंतीण, आणि तिच्या अंगावर पिण्यासाठी धडपडणारे मूल ही चित्रे तेथे एकामागून एक येतात. वात्सल्यरसाला येथे जागाच नाही. भुकेचे वर्णन आधी येते, मायेचे नंतर.

या पुस्तकातील सासूचे चित्रण विशेष विचारार्ह आहे. जिने हे सारे भोगले तीच स्त्री सून घरात आल्यावर तिचा छळ करते, मुलाला तिच्यावर हात उगारायला चिथावते, आणि हा छळ काही वेळा नाक कापण्याच्या क्रौर्यापर्यंत जातो. बेबीताई हे लपवत नाहीत, आणि आपल्या जातीची अब्रू म्हणून सौम्यही करत नाहीत. सासू आणि सून यांचे दुःख तपशिलांसह समान आहे. त्या समानतेतून मात्र त्यांच्यात समुदाय झाला नाही. तो दिसतो आंबेडकरांच्या सभांना एकत्र जाणाऱ्या, मुलांना शाळेत घालण्याविषयी आपसांत बोलणाऱ्या स्त्रियांमध्ये. भोगलेल्याला दुसऱ्या कोणाशी बोलण्याचे कारण आणि ठिकाण मिळाले तेव्हा 'मी' चे 'आम्ही' झाले. पुस्तकाचे सर्वनाम हे या घडामोडीचे फलित आहे. ते जन्माने मिळालेले नाही.

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनात हीच प्रक्रिया दोन पिढ्यांत विभागलेली दिसते. पुस्तकाच्या प्रारंभी गावच्या बाया ओझी घेऊन चढउतारांच्या वाटेने रत्नागिरीच्या बाजारला जातात. वाटभर त्यांचे बोलणे, शिव्या, थट्टा, उसासे चालू असतात. जात्यावर जी बैठक होती ती येथे चालती झाली आहे. वडिलांच्या मागे आई बांबूची आयदाने विणून मुलांना वाढवते. तिचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे असे लेखिका मानते. पुढे लेखिकेच्या वाट्यालाही मुलाचा मृत्यू येतो. हा प्रसंग आत्मकथनाचा करुण कळस म्हणून मांडण्याचा मोह सहज झाला असता. 'आयदान'मध्ये तो अनेक धाग्यांपैकी एक धागा राहतो. नोकरी, संघटना, नवऱ्याशी मतभेद, लेखन यांच्यासह तो विणला जातो. बांबूच्या विणीत एका काडीला स्वतंत्र अर्थ नसतो, पण ती काढली तर सूप सुटते. शोकाचे हे स्थान वाङ्मयीन दृष्ट्या फार अचूक आहे.

या अचूकतेमागे एक पूर्वतयारी आहे. आत्मकथनाच्या चौदा वर्षे आधी, १९८९ साली, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले होते. आंबेडकरी चळवळीत सहभागी झालेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन त्यांनी त्यांच्या हकीकती ऐकल्या आणि लिहून घेतल्या. म्हणजे 'आयदान'ची निवेदक सांगणारी होण्यापूर्वी दीर्घकाळ ऐकणारी होती. किसा गोतमीचे उंबरठे येथे पुन्हा भेटतात. या खेपेस मात्र उंबरठ्यावरची संभाषणे गळून पडलेली नाहीत. श्याम आणि 'आयदान'ची निवेदक दोघेही आईविषयी लिहितात. श्याम आईचा मुलगा म्हणून लिहितो, 'आयदान'ची निवेदक आईच्या व्यवसायातील वारस म्हणून लिहिते. आईविषयीचे साहित्य आणि आईपणाचे साहित्य यांतील अंतर या दोन भूमिकांत मोजता येते.

६

मुद्रित पुस्तकाला जात्याची सोय नाही हे मान्य केले पाहिजे. वाचक खुंट्याला हात लावत नाही. 'स्त्री' मासिकाच्या मध्यमवर्गीय वाचकवर्गात बहुतेकींनी महारवाड्यातील बाळंतपण पाहिलेले नव्हते, आणि ते वाचून त्यांना आले ते रडू कितपत समुदायाचे आणि कितपत आस्वादाचे, हा प्रश्न खुला राहतो. दुसऱ्याच्या दुःखाने हेलावणे आणि त्या दुःखात आपल्या घराचा, आपल्या जातीचा वाटा ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधारणीकरणाने साधते. दुसरीसाठी तपशील जिथल्या तिथे राहावे लागतात, कारण वाटा तपशिलातूनच सिद्ध होतो.

म्हणूनच 'सच्चेपणा' हा निकष या प्रकारच्या लेखनाला पुरा पडत नाही. अनुभव सच्चा आहे असे म्हटल्यावर वाचकाकडे करण्यासारखे काही उरत नाही. त्याने फक्त मान डोलवायची. समीक्षेने विचारायचे प्रश्न निराळे आहेत. या कथनात संबोधन कोणाला आहे? प्रथमपुरुष एकवचन अनेकवचनात कोठे बदलते, आणि त्या बदलाचा आधार काय? कथन ऐकणारीला पुढे बोलायला जागा ठेवते, की तिचे तोंड कारुण्याने बंद करते? कोणती स्त्री, वांझ, विधवा, परजातीची, या वर्तुळाबाहेर राहिली आहे? हे प्रश्न आशयाचे आहेत तसेच रूपाचेही आहेत. स्त्रीवादी समीक्षा रूपाकडे दुर्लक्ष करते हा आक्षेप अशा वाचनाने आपोआप निकालात निघेल.

या प्रश्नांचा व्यवहारातही उपयोग आहे. ओव्यांचे पाठ्यपुस्तकांतील उतारे आजही पुष्कळदा गाणारीच्या नावाशिवाय, 'लोकगीत' या एका शब्दाखाली छापले जातात. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतून दारिद्र्याची पाने निवडली जातात आणि सभांची, संघटनांची, परस्परांशी बोलण्याची पाने गाळली जातात. असे निवडलेले पान वाचकाला एक दुःखी आई देते. तिच्या शेजारी बसलेली दुसरी बाई त्याला दिसत नाही. संपादकाने ओवीखाली गाणारीचे नाव आणि गाव छापले, शिक्षकाने बाळंतपणाच्या पानासोबत सभेचे पान वाचायला दिले, तर ती दुसरी बाई पुन्हा दिसू लागेल. तिच्याशिवाय पहिलीने तोंड उघडले नसते.